पाठमोरा पाव्हणा

आमच्या गल्लीतल्या निंबाभाऊचा आवाज सगळ्या बुरहानपुराला ओळखीचा आहे, पण निंबाभाऊला कोणी ओळखत नाही. शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत जी भोंग्याची रिक्षा फिरते, तिच्यात तो बसलेला असतो. डोळ्यांचं शिबिर, साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, नळाला दोन दिवस पाणी नाही, हे सगळं तो सारख्याच गांभीर्यानं सांगतो. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी सहा फुटी फौजदार बोलून राहिला. थांबलेल्या रिक्षात डोकावलं तर आत एक वाळका माणूस दोन्ही हातांनी माईक धरून बसलेला दिसतो, आणि बाजूनं कुत्रं गेलं तर पाय वर घेतलेला.

निंबाभाऊ घाबरतो. तसं बघितलं तर हाच त्याचा मुख्य धंदा, भोंगा हा जोडधंदा. पाल, कुत्रा, पोलीस, बँकेच्या दारातला बंदूकवाला, धूलकोटचा सासरा आणि फोनवर आलेला अनोळखी नंबर, यांतल्या कशालाही तो सारखाच घाबरतो, भेदभाव करत नाही. वीज कडाडली की त्याची बायको कौशल्यावहिनी पोरांना जवळ घेते, आणि पोरं बापाला. आम्ही गल्लीतली मंडळी त्याला यावरून छळतो. तोही हसतो, आणि हसता हसता मागे वळून बघतो.

मी शाहपुर रोडवरच्या सूर्यकन्या फ्रूट्समध्ये कॉम्प्युटरवर आहे. शेतातून हिरवी केळी येतात, आमच्या खोल्यांत पिकतात आणि ट्रकांनी दिल्लीकडे जातात. त्या सगळ्याचं ऑफिस म्हणजे आम्ही आठ-दहा जण. हिशेबाला बाबुरावकाका, बिलांना शीतल, चहापाण्याला कडू. ट्रकवाल्यांशी फोनवर भांडायला आणि धक्क्यावर उभं राहून माल चढवून घ्यायला वैजूताई, म्हणजे वैजयंतीताई. ड्रायव्हर लोक मालकाला भीत नाहीत एवढे त्यांना भितात. मालकाचा मुलगा मोहितभैया पुण्याला शिकून आलेला, त्यामुळे त्याला दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन सुचतं.

मागच्या वर्षी त्याला रोबो सुचला. इंदूरहून प्रियंका मॅडम आल्या. मूळच्या नेपानगरच्या, वडील कागदाच्या मिलमध्ये होते, म्हणून मराठी आमच्यासारखीच, अर्ध्या वाक्यावर हिंदीत जाणारी. त्यांची छोटी कंपनी ऑफिसात माणसाला सोबत करणारा रोबो तयार करत होती. काम करणारा नाही, सोबत करणारा. पाणी प्यायची आठवण द्यायची, फोन करायचा राहिला असेल तर सांगायचं, माणूस कंटाळला तर दोन शब्द बोलायचे. बाबुरावकाकांनी पहिलाच प्रश्न विचारला, हा कोणाच्या जागी आला. मॅडम म्हणाल्या, कोणाच्याच जागी नाही, हा नुसता तुमच्या शेजारी बसणार. काका म्हणाले, "माझ्या भावानंही असंच सांगितलं होतं. आता दुकान त्याचं आहे."

रोबो दहा-बारा वर्षांच्या पोराएवढा होता. उंची मुद्दाम तेवढी ठेवलेली, माणसाला खाली बघून बोलता यावं म्हणून. पांढरा, चाकांवर चालणारा, तोंडाच्या जागी गोल पडदा आणि त्यात दोन डोळे. हात नव्हते. हात असले की लोक बिचकतात, असं मॅडमच्या पाहणीत आलं होतं. वळायचाही सावकाश, कोणी दचकू नये म्हणून. कंपनीनं त्याचं नाव 'साथी' ठेवलेलं. पण आला त्या दिवशी कडूनं सवयीनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि तेव्हापासून तो पाव्हणा झाला. लवकरच त्याला दृष्टीचा काळा ठिपकाही लागला, पडद्याच्या कोपऱ्यात. शनिवारी लिंबू-मिरची लागू नये म्हणून मॅडमना हात जोडावे लागले.

आता आतली गोष्ट. पाव्हण्याला बोलता येत नव्हतं.

अशा यंत्रांची तयारी अशीच करतात म्हणे. आधी पडद्यामागून माणूस बोलतो. समोरचे लोक यंत्र समजून त्याच्याशी कसे बोलतात, कधी जवळ बोलावतात, कधी दूर लोटतात, ते बघायचं आणि मग यंत्राला तसं शिकवायचं. आत माणूस आहे हे आधीच सांगितलं तर लोक माणसाशी बोलल्यासारखं बोलतात, मग शिकणार काय? म्हणून सगळं संपल्यावर सांगायचं ठरलं होतं. बोलणं शिकण्यासाठी टेप होईल आणि ते फक्त मॅडमची कंपनी ऐकेल, मालक नाही, अशा कागदावर आम्ही सह्या केल्या होत्या. सिमकार्ड घेताना करतो तशाच, न वाचता.

मॅडमना आमची खिचडी भाषा येणारा माणूस पाहिजे होता. लॉजच्या खिडकीतून त्यांनी भोंगा ऐकला. झालं, निंबाभाऊ पाव्हण्याच्या पोटात गेला. पोटात म्हणजे ऑफिसच्या मागे खोक्यांची कोठी आहे, तिथे. आम्ही यायच्या आधी तो मागच्या फाटकानं आत जायचा आणि आम्ही गेल्यावर निघायचा, भोंगा मग संध्याकाळी फिरवायचा. कानाला हेडफोन, तोंडापुढे माईक, समोर पाव्हण्याला दिसतं ते दाखवणारा पडदा. पाव्हण्याला चालवायला एक दांडी आणि डोळे मिचकवायला बटणं. तो बोलायचा आपल्या फौजदारी आवाजात, पण मधल्या यंत्रातून तो आवाज आमच्याकडे यायचा तो एखाद्या गुणी पोराचा. मला तरी कधी शंका आली नाही, आणि मी त्याचा शेजारी.

काम घेतानाच त्यानं मॅडमना विचारलं होतं, पकडलो गेलो तर? मॅडम हसल्या, तुम्ही काय चोर आहात का? निंबाभाऊ म्हणाला, "मारणारा आधी मारतो मॅडम, मग विचारतो."

पहिले काही दिवस त्यानं खोकला दाबण्यात घालवले. एकदा कोठीत पाल पडली. इकडे बाबुरावकाका पाव्हण्याला जीएसटी समजावून सांगत होते, आणि पाव्हणा गुणी पोराच्या आवाजात किंचाळला, "अगं आई गं." काका म्हणाले, बरोबर आहे, जीएसटी ऐकून मलाही असंच होतं.

एक गोष्ट मात्र निंबाभाऊनंच सुचवली. पाव्हणा जेवणाच्या वेळी टेबलाजवळ यायचा आणि टक लावून बघत बसायचा. आमच्याकडे जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघत नाहीत. दुसऱ्याची नजर लागली तर अन्न अंगी लागत नाही, पोट दुखतं. शीतल तर पाव्हण्याकडे पाठ करून डबा खायला लागली होती. निंबाभाऊनं मॅडमना सांगितलं, जेवताना याचं तोंड भिंतीकडे करा. मॅडमना ते फार आवडलं, त्यांनी लगेच तसा नियम घातला. एकानं डबा उघडला की पाव्हणा जागच्या जागी सावकाश वळायचा आणि खताच्या दुकानाच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहायचा. जेवण संपेपर्यंत नुसती पाठ.

पुढचं सगळं त्या पाठीमुळे झालं.

पुढचं मी वैजूताईंना विचारून लिहितोय. त्या आता जळगावला असतात. त्या म्हणाल्या, लिही, पण चपलेचं नीट लिही, लोकांना कळू दे. निंबाभाऊलाही विचारलं. तो म्हणाला, नाव बदल. बदललं आहे. आवाज बदलता आला नाही.

दुपारच्या वेळी ट्रकांचे फोन जास्त, म्हणून वैजूताई आम्हा सगळ्यांच्या नंतर एकट्या जेवायच्या. आम्ही बाहेर टपरीवर जायचो. खोलीत त्या आणि पाठमोरा पाव्हणा. आधी त्या नुसतं पुटपुटायच्या, मेला पाऊस, मेला ड्रायव्हर. निंबाभाऊ आतून "हं" म्हणायचा. मग हळूहळू त्या बोलायला लागल्या. तोंडावर बघणाऱ्याशी त्यांना बोलता आलं नसतं, असं त्या आजही सांगतात. ऐकतं आहे पण बघत नाही, असं कोणी त्यांना उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

एका दुपारी त्या म्हणाल्या, मला फीट येते.

लहानपणापासून. शाळेत असताना एकदा प्रार्थनेच्या वेळी पडल्या, तर शिपायानं पायातली चप्पल काढून नाकाला लावली. सगळी शाळा बघत होती. शुद्धीवर आल्या तेव्हा तोंडात चिखलाची चव होती, आणि त्यानंतर वर्गात त्यांच्या शेजारी कोणी बसेना. पुढे एक जमलेलं लग्न मोडलं. एका नोकरीत कळलं, ती गेली. नवरा दिगंबर, त्याला माहीत आहे, सासूला नाही. गोळ्या घेतल्या तर वर्ष-वर्ष काही होत नाही. ऑफिसात त्या गोळ्या अॅसिडिटीच्या म्हणून खातात. इथं भैयाला कळलं तर तो एक दिवस ठेवणार नाही, कारण त्यांचं निम्मं काम ट्रकच्या चाकांशेजारी उभं राहण्याचं.

कोठीचं दार आतून लावलेलं आहे ना, ते निंबाभाऊनं बघून घेतलं.

वैजूताई पुढे सांगत राहिल्या, असं झालं तर काही करायचं नसतं, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि थांबायची वाट बघायची. मग हसल्या. तुला काय सांगू, तुला हातच नाहीत. डबा झाकून त्या म्हणाल्या, "एक कर. मी पडले तर यांना चप्पल लावू देऊ नको."

पाव्हण्याच्या पाठीतून गुणी पोराचा आवाज आला, "बरं."

निंबाभाऊनं मला पुढे हे सांगितलं तेव्हा तो आपल्याच थोबाडीत मारल्यासारखं करत होता. तोंडातून निघून गेलं, म्हणाला. कोणी काही मागितलं की मी बरं म्हणतो, भो. भीती वाटते म्हणून म्हणतो.

त्यानं मॅडमना सांगितलं. त्या चपापल्या. त्यांनी ती टेप त्याच्यासमोर पुसून टाकली आणि म्हणाल्या, हे तुम्ही ऐकलंच नाही. पण ऐकलेलं काही पुसता येत नाही. तेव्हापासून निंबाभाऊची झोप गेली आणि कोठीतली खुर्ची त्याला शेगडीसारखी झाली. ताईंनी डोकं धरलं की तो हेडफोन कानावर दाबून धरायचा. त्या जांभई द्यायच्या तर तो उभा राहायचा. पाव्हणा त्या दिवसांत सारखा वैजूताईंच्या मागे मागे फिरायचा, धक्क्याच्या दारापर्यंत. तिथून पुढे चाकं जात नव्हती, तर तिथेच उभा राहून विचारायचा, ताई, परत कधी येणार? आम्ही हसायचो. कडू म्हणायचा, पाव्हण्याचं मन बसलं. आम्हाला काय माहीत, आत एक माणूस देवाचा धावा करून राहिला होता.

मग ती गोळी मिळेना. मॅडम इंदूरला गेलेल्या. एका सोमवारी जेवताना ताई पाठीला म्हणाल्या, बुरहानपुरात कुठंच नाही, खंडव्याहून मागवली आहे, दोन दिवस झाले बिनगोळीचे. संध्याकाळी निंबाभाऊ रिक्षा घेऊन औषधांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. गोळीचं नाव त्याला माहीत नव्हतं. फीटची गोळी द्या असं म्हणायचं, तर दुकानदार विचारणार, कोणाला. तो बाम घेऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॅलेंडरकडे बघत बसला होता, म्हणजे पाव्हणा बघत होता. मागे ताई कोणत्यातरी ट्रकबद्दल सांगत होत्या, आणि वाक्य मध्येच थांबलं. घास अडकला असेल असं त्याला वाटलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग काहीतरी जड पडल्याचा, आणि त्यानंतर डब्याचं झाकण फरशीवर गोल गोल फिरत राहिलं.

त्यानं दांडी ओढली. पाव्हणा वळायला लागला, सावकाश, कोणी दचकू नये म्हणून. आधी कॅलेंडर गेलं, मग खिडकी, मग टेबलाचा पाय. निंबाभाऊ दांडी तुटेल एवढी ओढत होता आणि पाव्हणा आपल्याच चालीनं वळत होता. शेवटी पडद्यावर ताईंचा हात आला, फरशीवर आपटणारा.

आवाज ऐकून आम्ही टपरीवरून धावत आलो. खरं सांगतो, मी दारातच थांबलो. ताईंचे डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, सगळं अंग झटके देत होतं. बाबुरावकाका म्हणाले, मिरगी आहे. शीतल दात उघडायला चमचा शोधायला धावली. कोणी किल्ल्यांचा जुडगा आणला, हातात द्यायला. आणि कडूनं पायातली चप्पल काढली. कडू वाईट माणूस नाही. ताईंवर त्याचा जीव होता. त्याच्या बापानं केलं असतं तेच तो करत होता.

तेवढ्यात पाव्हणा बोलला. गोड आवाजात, पाणी प्या म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, चप्पल लावू नका, त्यांना कुशीवर वळवा. कडूचा हात क्षणभर थांबला. मग तो म्हणाला, याला काय कळतं, आणि त्यानं पाव्हण्याला गुडघ्यानं बाजूला लोटलं. पाव्हणा घरंगळत भिंतीला जाऊन टेकला आणि भिंतीलाच सांगत राहिला, चप्पल लावू नका, चप्पल लावू नका. त्याला हात असते तरी काय झालं असतं, कोण जाणे. आम्ही त्याचं ऐकायचो ते गंमत म्हणून. घाबरलेली माणसं गमतीचं ऐकत नाहीत.

मग कोठीचं दार उघडलं.

"हात लावू नका."

तो भोंग्याचा आवाज, बिनभोंग्याचा. सगळी खोली जागच्या जागी गोठली. दारात आमचा निंबाभाऊ, डोक्याला हेडफोन, तोंडापुढे माईक, मागे कोठीतून फरफटत येणारी लांब वायर. आणि एक श्वास जातो न जातो तोच भिंतीकडून गुणी पोराचा आवाज आला, "हात लावू नका."

माईक बंद करायचं त्याला सुचलंच नव्हतं. तो जे बोलेल ते त्याच्या मागोमाग पाव्हणा बोलत होता. निंबाभाऊ म्हणाला, मागे सरका. भिंत म्हणाली, मागे सरका. त्यानं कडूचा चपलेचा हात धरून खाली केला, खुर्ची ढकलली, ताईंना कुशीवर वळवलं, अंगातला शर्ट काढून घडी करून डोक्याखाली दिला आणि बाजूला बसला. नुसत्या बनियनवर. तो म्हणत होता, थांबतं, आपोआप थांबतं. आणि पोराचा आवाज त्याच्या मागून म्हणत होता, थांबतं, आपोआप थांबतं. माझ्या अंगावर काटा आला तो ताईंना बघून नाही, त्या दोन आवाजांनी.

थांबलं. ताईंनी बऱ्याच वेळानं डोळे उघडले, कुठे आहोत ते न कळून. निंबाभाऊ म्हणाला, "ताई, कोणी चप्पल लावली नाही. बरं?"

"बरं?" भिंत म्हणाली.

ताईंनी त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग परत त्याच्याकडे. माणसाचा चेहरा एवढा हळू हळू घाबरताना मी कधी बघितला नव्हता. त्या सरकत सरकत त्याच्यापासून दूर झाल्या आणि टेबलाच्या पायाला टेकून बसल्या.

दिगंबरभाऊ येऊन त्यांना घेऊन गेले. मग ऑफिसात कोणी कोणाकडे बघेना. जो तो मनात मोजत होता, आपण पाव्हण्याशी काय काय बोललो. बाबुरावकाका पांढरे पडले होते, कारण ते भैयाबद्दल रोज बोलायचे आणि सविस्तर बोलायचे. शीतल रडायला लागली. मी काय बोललो होतो ते इथे सांगायची गरज नाही. कडू एवढंच म्हणाला, म्हणजे मी पाणी याला देत होतो, आणि तेही पोचलं नाही.

मोहितभैयानं निंबाभाऊला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच प्रिंटरशी झगडत होतो, मला कोणी जा म्हटलं नाही. भैया काही राक्षस नाही. तोही घाबरला होता. उद्या ही बाई ट्रकखाली आली तर मी काय करू, हे तो दोनदा म्हणाला. ताईंचा नवरा त्याला सांगून गेला होता की उपास होता, ऊन होतं, पहिल्यांदाच झालं. पहिल्यांदा असेल तर गोष्ट वेगळी, भैया म्हणाला, पण जुना आजार लपवून नोकरी केली असेल तर आजच हिशेब करून मोकळं करतो. मॅडमना त्यानं फोन करून टेपा मागितल्या होत्या, त्यांनी साफ नाही म्हटलं.

"निंबा, तू तर आपला माणूस," भैया म्हणाला. "सगळं तुझ्याच कानावरून गेलं. ताई आधी कधी काही बोलली होती?"

निंबाभाऊच्या अंगात अजून शर्ट नव्हता. तो बनियनची कड मुठीत धरून उभा होता. म्हणाला, नाही भैया.

"मग तुला कसं माहीत चप्पल लावायची नाही? कुशीवर घ्यायचं? बाबुरावकाकांना नाही माहीत, मला नाही माहीत, आणि भोंगेवाल्याला माहीत?"

निंबाभाऊनं माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरकडे बघितलं. मला वाटलं, आता हा सगळं ओकणार. पोलिसानं नुसतं नाव विचारलं तर हा बापाचं, आज्याचं आणि सासऱ्याचं सांगतो.

"मला येते," तो म्हणाला.

"काय येते?"

"फीट. मला स्वतःला येते, भैया. लहानपणापासून."

भैयाची खुर्ची अर्धा हात मागे सरकली. त्यानं दुसरं काही विचारलं नाही. जा, शर्ट घाल, एवढं म्हणाला.

आमच्या गावात भोंग्याला जे पोचवायला दिवस लागतो, ते तोंडाला अर्ध्या दिवसात जमतं. संध्याकाळपर्यंत निंबाभाऊला फीट येते हे शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत झालं. साडीवाल्यानं निरोप पाठवला, आम्ही आवाज टेप करून घेतला आहे, आता तुम्ही त्रास घेऊ नका. रिक्षा चालवताना झालं तर, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायला लागले, आणि त्यांचं चूक नव्हतं, म्हणून जास्त लागायचं. मग गल्लीतला एक पोरगा रिक्षा चालवायला ठेवावा लागला. चहाच्या टपरीवर निंबाभाऊ बसला की आजूबाजूचे पाय चपलांतून थोडे मोकळे करून बसायचे, वेळ सांगून येत नाही म्हणून. एकदा उन्हात चालून त्याला जरा घेरी आली तर तीन दिशांनी तीन चपला आल्या. तो पळत सुटला.

धूलकोटहून सासरा आला. पोरीला फसवलं म्हणाला. कौशल्यावहिनीनं आदल्या रात्रीच नवऱ्याला विचारून ठेवलं होतं, इतकी वर्षं झाली लग्नाला, मला न सांगता कधी येते तुम्हाला? निंबाभाऊ म्हणाला होता, गुपचूप येते. सासऱ्यापुढे मात्र ती म्हणाली, येते कधीमधी, मी बघते ना, तुम्ही जेवून घ्या. कशासाठी खोटं बोलते आहे ते तिला माहीत नव्हतं. नवरा घाबरला आहे एवढं दिसत होतं, आणि या घाबरण्यात रोजच्यापेक्षा काहीतरी निराळं आहे, हेही.

वैजूताई आठवड्यानं कामावर आल्या. नोकरी राहिली. पाव्हणा इंदूरला परत गेला होता. मॅडमनी येऊन सगळ्यांची माफी मागितली होती आणि आमच्या टेपा पुसल्याचं सांगितलं होतं. ताईंनी मला विचारलं, तुमच्या गल्लीत निंबा महाजन राहतात ना? मला त्यांच्याकडे घेऊन चल.

रविवारी दुपारी मी त्यांना घेऊन गेलो. दार उघडल्यावर निंबाभाऊ इतका दचकला की त्याच्या हातातला तांब्या सांडला. वहिनीनं चहा टाकला. ताई खाटेच्या कडेवर बसल्या, पदर मुठीत घट्ट धरून. आभार मानायला आल्या असतील असं मला वाटत होतं.

"मला एकदा झालं की मागचं पुढचं पुसलं जातं," त्या म्हणाल्या. "त्या पाठीशी मी काय काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. तुम्हाला आठवतं. सांगा."

निंबाभाऊ म्हणाला, जाऊ द्या ना ताई. त्या म्हणाल्या, सगळं सांगा. तेव्हा वहिनी चुलीशी थबकली. मी उठायला लागलो तर ताई म्हणाल्या, तू बस, तूही त्या दिवशी सगळं बघितलंच आहेस.

त्यानं सांगितलं. शाळेचं, चपलेचं, मोडलेल्या लग्नाचं, सासूचं, गोळ्यांचं. काही गोष्टी अशा की ताईंनी मान खाली घातली, काही अशा की त्या म्हणाल्या, हेही बोलले मी? निंबाभाऊचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. बाजूच्या घरातली कुकरची शिट्टी झाली की तो थांबायचा, दाराकडे बघायचा आणि मग पुढे बोलायचा. वहिनीला सगळं कळत गेलं, नवऱ्याला गुपचूप येणारी फीटही कळली. ती भिंतीला धरून खाली बसली.

"एवढंच?" ताईंनी विचारलं.

"एवढंच."

"कोणाला सांगितलं?"

"मॅडमना. त्यांनी टेप पुसली. दुसऱ्या कोणाला नाही."

ताई खाटेवरून उठल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी केलं ते मला कळतं, निंबाभाऊ. पण मला तुमची भीती वाटते. तुम्ही चांगले आहात म्हणून ती कमी होत नाही."

"मलाही तुमचीच वाटते ताई," तो म्हणाला. "उद्या तुमच्या तोंडून निघालं की मला फीटबीट काही येत नाही, तर भैया विचारेल, मग कळलं कसं?"

ताईंच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, पण आलं नाही. चहा झाला होता, कोणी उचलला नाही. जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, मी अधूनमधून येत जाईन. निंबाभाऊनं विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, विचारायला.

आणि त्या यायच्या. जळगावला जाईपर्यंत, कधी भाजी घेऊन जाताना, कधी ऑफिस सुटल्यावर. बसायच्या नाहीत. उंबऱ्याशी उभ्या राहून नुसतं बघायच्या. त्या दिसल्या की निंबाभाऊचा चेहरा पांढरा पडायचा, आणि तो मान हलवून 'नाही, कोणाला नाही' म्हणेपर्यंत त्यांचाही.